दवबिंदू बघायला जायची तयारी

निसर्गफेरीचा फॉर्म भरताना मी सासऱ्यांच्या नावापुढे ‘व्हीलचेअर लागेल’ या चौकोनात खूण केली. माझे सासरे रोज सकाळी सात किलोमीटर चालतात. त्यातले तीन चढाचे.

अशी खूण माणूस का करतो, हे इथल्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. आयर्लंडमध्ये राहणारा मुलगा किंवा जावई घरच्या म्हाताऱ्यांचं तिकीट काढतो तेव्हा पहिलं काम करतो ते व्हीलचेअर मागवण्याचं. म्हातारे धडधाकट असले तरी. ती खुर्ची पायांसाठी नसतेच. दुबईला विमान बदलताना कुणीतरी त्यांना या गेटवरून त्या गेटवर नेऊन पोचवावं, आणि आपल्याला इकडे शांत झोप लागावी, यासाठी ती असते. मार्चमधल्या एका मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी दोन फॉर्म एकाच वेळी भरत होतो. एक विमानाचा, एक निसर्गफेरीचा. दोन्हीकडे चौकोन सारखाच होता. हातही सारखाच गेला.

विमानवाल्या खुर्चीचा निकाल जूनमध्ये लागला. डब्लिनच्या विमानतळावर दार उघडलं आणि सासरे बाहेर आले ते खुर्ची ढकलत. खुर्चीत त्यांची बॅग, बॅगेवर खुर्ची ढकलायला नेमलेल्या माणसाचा कोट, आणि तो माणूस मोकळ्या हातांनी शेजारून चालतोय. दोघांच्या मजेत गप्पा चालल्या होत्या. मला बघितल्यावर सासऱ्यांच्या गप्पा थांबल्या.

“जावईबापू,” ते म्हणाले, “माझे पाय गेले ही बातमी मला दुबईत कळली. आधी कळवायचं तरी की.”

त्यांचं आणि माझं पहिल्यापासून जमलेलं नाही. कोल्हापूरकडच्या एका कॉलेजात ते तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होते. लग्न ठरायच्या आधी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी मागच्या अंगणातून एक कुंडी उचलून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. कितीतरी वर्षांनी फुललेलं काहीतरी होतं. मी म्हणालो, “वा, प्लॅस्टिकचं वाटतच नाही.” त्यांनी कुंडी उचलली आणि आत नेली. पुढे मुलगी दिली, पण ती कुंडी मला पुन्हा कधी दाखवली नाही.

या खेपेला त्यांना आयर्लंडमध्ये एकच गोष्ट बघायची होती. समुद्राचे कडे नकोत, किल्ले नकोत, डब्लिनचं तर काहीच नको. गोल पानांचा दवबिंदू. दलदलीत उगवणारं, पानांवरच्या चिकट केसांनी किडे धरून खाणारं रोप. आख्खं रोप दहा रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं. दवबिंदूच्या दुसऱ्या जाती त्यांनी आपल्याकडच्या पठारांवर गुडघे टेकून शेकड्यांनी पाहिल्या होत्या. पण पुस्तकातली आकृती होती गोल पानवाल्याची, आणि ती जात आपल्याकडच्या पठारांवर नाही. म्हणजे तीस वर्षं, दर पावसाळ्यात, रंगीत खडू घेऊन ते जी आकृती फळ्यावर काढत होते, ती वनस्पती त्यांनी स्वतः कधीच बघितलेली नव्हती. “ऐकीव गोष्टीवर पोरं पास केली मी,” असं ते म्हणत. विनोद म्हणून नव्हे.

आम्ही राहतो डब्लिनजवळच्या नास या गावात. तिथून गाडीने पाऊण तासावर एक राखीव दलदल आहे. वर खांद्याएवढं गवत, खाली काळं पाणी. कडेने एक लाकडी वाट बांधली आहे, तिच्यावरून कुणीही फिरावं. आत, गवतातून, मात्र सोडत नाहीत. उन्हाळ्यातल्या एका शनिवारी गाईड धरून फक्त बारा माणसांना आत नेतात. दवबिंदू असतो तो आत. सासऱ्यांचं परतीचं विमान त्याच्या पुढच्या सोमवारी होतं. तारखा जुळवल्या होत्या मी, आणि महिनाभर त्याचं श्रेय मी जेवताखाता घेत होतो.

शनिवारच्या आधीच्या सोमवारी फेरीच्या संयोजक बाईंचा मेल आला. सोबत सूचनांची दोन पानं. सासऱ्यांनी ती माझ्याकडून मोठ्या अक्षरांत छापून घेतली आणि लाल पेन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. बूट घासून, धुऊन, वाळवून आणा, तळव्याला चिकटून बाहेरचं बी आत यायला नको. पँटचे पाय मोज्यात खोचा, गवतात गोचीड असतात. छत्री नको. अत्तर नको. कुत्रा नको. काही तोडू नका, काही टाकू नका.

सूचना वाचायची माझी एक पद्धत आहे. ज्या न पाळल्याने पकडले जाऊ तेवढ्याच पाळायच्या. सासरे एकेक सूचना वाचत, तिच्याखाली रेघ मारत, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत.

“जावईबापू, तुमचं सामान आणा बघू.”

मी आणलं. हिरवे गुडघाभर रबरी बूट, जाकीट, गुडघ्याला चेन असलेली पँट, चिलटांसाठी डोक्यावरून घ्यायची जाळी. सगळं नवं.

“बूट धुतलासा?”

“नवे आहेत, बाबा.”

“तळाला दुकानाचं लेबल हाय. तिथं जाऊन दुकान उगवायचं.” त्यांनी पँट उचलली. “आणि ही चेन?”

“उकडलं की खालचा भाग काढून टाकता येतो.”

“म्हणजे गोचिडाला दार.” मग जाळी उचलून त्यांनी उजेडात धरली. “ह्याला तोंडापाशी कुलूप लावायची सोय असती तर बरं झालं असतं.”

त्यांचं स्वतःचं सामान म्हणजे कॅनव्हासचे जुने बूट आणि गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग. बूट त्यांनी मागच्या बागेत बसून दीड तास टूथब्रशने घासले. टूथब्रश माझा होता हे मला संध्याकाळी कळलं. मग ते बूट त्यांनी हॉट प्रेसमध्ये वाळत घातले. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट, तिथे आमचे टॉवेल असतात. बायको हॉस्पिटलमधून आली, आंघोळीसाठी कपाट उघडलं, आणि ओरडली, “टॉवेलवर बूट कुणी ठेवले?” सासऱ्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. खोटं एक अक्षर बोलले नाहीत. पुढची दहा मिनिटं मी बोलणी खाल्ली.

मेलचा खालचा भाग मी वाचला मंगळवारी.

त्यात लिहिलं होतं की तुमचं नाव आतल्या वाटेच्या बारा जणांत आहे. तुमच्या सासऱ्यांसाठी बाहेरच्या लाकडी वाटेवर खास व्यवस्था केली आहे. खुर्ची आहे, आणि ती ढकलायला दोन स्वयंसेवक मुद्दाम पार दोन तासांवरच्या गॉलवेहून येत आहेत. तुमचे सासरे येणार याचा आम्हा सर्वांना फार आनंद आहे.

मी ताबडतोब उत्तर लिहिलं. गैरसमज झाला, त्यांना उत्तम चालता येतं, माझ्यापेक्षा उत्तम. बाईंचं उत्तर तासाभरात आलं. ऐकून ‘ग्रँड’ वाटलं, म्हणजे इथल्या भाषेत छान वाटलं, पण बारा जागा भरल्या आहेत, मागे अकरा जण थांबले आहेत, आणि तेरावा माणूस विम्यात बसत नाही. लाकडी वाटही छान आहे. बदकं दिसतात.

बदकं!

उपाय समोर होता. संध्याकाळच्या चहाला बसून म्हणायचं, बाबा, चूक झाली, आत माझ्या जागेवर तुम्ही जा. एवढंच. मला दवबिंदूत काडीचा रस नव्हता. पण असं म्हणायचं तर आधी दुसरी खुर्ची कबूल करावी लागणार होती, आणि पहिलीवरून अजून टोमणे चालू होते. शिवाय नवे बूट घालून मी आरशासमोर दोनदा उभा राहिलो होतो. मला ते शोभत होते.

म्हणून मी ठरवलं की शनिवारच्या आत माझा पाय मुरगळेल. मग मी सोफ्यावरून क्षीण आवाजात म्हणेन, बाबा, माझ्या जागेवर तुम्ही जा. खुर्चीचा विषयच निघणार नाही. निघाला, तर खुर्ची माझ्यासाठीच आहे. या योजनेवर मी इतका खूश झालो की गुरुवारपासूनच लंगडायला लागलो, सराव म्हणून. बायको हाडांची डॉक्टर आहे, हे मला गेली अकरा वर्षं माहीत आहे. त्या आठवड्यात ते डोक्यात आलं नाही.

शुक्रवारी सहाच्या सुमाराला ती घरी आली. सासरे टेबलाशी बसून सूचनांवर शेवटची नजर फिरवत होते. मी स्वयंपाकघरातून भिंतीला धरत आलो.

“काय झालं?”

“जिन्यात पाय मुरगळला. उजवा.”

“काल डावा होता,” सासरे कागदातून डोकं न काढता म्हणाले.

बायकोने मला खुर्चीत बसवलं, स्वतः जमिनीवर बसली आणि माझा पाय मांडीवर घेतला. मी डोळे घट्ट मिटले, वेदना दिसावी म्हणून.

“इथे दुखतंय?”

“आई गं!”

“आणि इथे?”

“हो. हो.”

“आणि इथे?”

“इथे तर फारच.”

“डोळे उघड,” ती म्हणाली. “मी हात लावलेलाच नाहीये.”

मी डोळे उघडले. तिचे दोन्ही हात तिच्या डोक्यावर होते.

“दिवसभर खरे मोडलेले पाय बघून आलेय मी,” ती म्हणाली. “पाच सेकंदांत सांग काय आहे ते.”

मी सांगितलं. फरशीकडे बघत सांगितलं, चौकोनापासून बदकांपर्यंत. 

“दुसऱ्यांदा? अरे, दुसऱ्यांदा?”

“दोन्ही फॉर्म एकाच दिवशी भरले होते, म्हणजे टेक्निकली ही पहिलीच...”

“टेक्निकली गप्प बस.”

सासऱ्यांनी सूचनांच्या पानांची घडी घातली. मग घडीची घडी घातली. “सोमवारपासनं ठाऊक होतं?”

“मंगळवारपासून.”

“आणि मला बूट घासू दिलासा.”

“बाबा, मी माझी जागा तुम्हाला देणारच होतो.”

“देणार होता, तर लंगडत कशाला होतासा? नीट चालत येऊन दिली असती तरी घेतली असती की मी.” ते उठले. “आता नको. खुर्चीत बसतो, बदकं बघतो. दोन माणसं लांबनं यायलीत ढकलायला, त्यांना तरी बरं वाटू दे. तीस वर्षं न बघता काढली आकृती. न बघताच मरायचं, आणखी काय.”

ते जिना चढून वर गेले. भराभर चढले, एकेक पायरी गाळत. ते मला दाखवण्यासाठी होतं.

बायको माझा पाय मांडीवरून खाली ठेवत नव्हती. मला वाटलं माया आहे. “उद्या बाबांना ते रोप बघायला मिळालं नाही,” ती म्हणाली, “तर सोमवारी तू विमानतळावर येऊ नकोस. मी एकटी सोडून येईन. आणि मी परत येईन तेव्हा घरातही दिसू नकोस.” मग तिने पाय सोडला. टाच फरशीवर आपटली आणि खरंच दुखली.

शनिवारी गाडीत कुणी बोललं नाही. फोनमधली रस्ता सांगणारी बाई तेवढी बोलत होती, तिलाही बायकोने बंद केलं. सासरे मागे बसले होते. गळ्यात भिंग होतं, आणि पँटचे दोन्ही पाय मोज्यात खोचलेले होते. खुर्चीत बसून बदकं बघायला निघालेला माणूस गोचिडांची तयारी करून येत नाही. हे मी आरशातून पाहिलं, आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं. “पुढं बघा,” ते म्हणाले.

पार्किंगमध्ये खुर्ची आधीच उघडून ठेवली होती. सीटवर घडी घातलेली चौकड्यांची शाल. मागे गॉलवेचे दोघे, पासष्टीच्या पुढचे, हसऱ्या चेहऱ्याचे. आमच्या गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या पायांकडे ते आशेने बघत होते. सासरे उतरले आणि खुर्चीच्या बाजूने ताठ मानेने निघून गेले, थेट गवताच्या कडेपर्यंत. तिथे पाठमोरे उभे राहिले.

गाईड म्हणजे साठीची एक उंच बाई. हातात काठी, अंगावर चिखलाच्या सगळ्या छटा. मी तिला सगळं सांगितलं.

“म्हणजे चालता येणाऱ्या माणसासाठी तू खुर्ची मागितलीस,” ती म्हणाली.

“हो.”

“का?”

“आमच्याकडे तशी पद्धत आहे.”

“चालणाऱ्यांना बसवायची?”

मी म्हणालो, माझी जागा त्यांना द्या. तिने यादी काढली, माझ्या नावावर काट मारली, जरा जास्तच जोरात. “बारा म्हणजे बारा. मला चालेल. पण त्यांच्या पायात ते काय आहे? कॅनव्हास? सूचनांत लिहायचं राहिलंय, पण आत गुडघाभर रबरी बूट लागतात. त्याशिवाय मी कुणाला नेत नाही.”

सगळ्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं.

“त्यांचे बूट मला नकोत,” सासरे गवताकडे तोंड करूनच म्हणाले.

“बाबा, दोन मोजे चढवा आणि जा!” बायको ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा तिने वडिलांवर आवाज चढवलेला मी ऐकला. “ह्याच्यावरचा राग मी काढते. त्यासाठी आख्खं वर्ष आहे माझ्याकडे. तुमच्याकडे आजचा दिवस आहे.”

सासरे वळले, आले, गाडीच्या दाराशी टेकले आणि पाय पुढे केला. तिने माझ्या पायांतून बूट ओढून काढले, मी एका पायावर उड्या मारत असताना. त्यांच्या पायांत ते दोन नंबर मोठे झाले. त्यांचे कॅनव्हासचे मला दोन नंबर लहान. मी टाचा दुमडून ते कसेबसे अडकवले. आता मी खरंच लंगडत होतो, दोन्ही पायांनी.

“यंदा वसंत कोरडा गेलाय,” गाईड सगळ्यांना म्हणाली. “दिसेलच असं मी म्हणत नाही. मागच्या आठवड्यात मला एकही दिसलं नाही.”

सासऱ्यांनी ते ऐकलं. भिंग शर्टाच्या आत टाकलं आणि ते गवतात शिरले. थोड्या वेळाने बारा डोकी तेवढी वर राहिली.

खुर्ची उरली होती, आणि गॉलवेचे दोघे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा शनिवार चोरला आहे. तेवढ्यात लाकडी वाटेवर आलेल्या एक आजीबाई, ज्यांच्या खुब्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, म्हणाल्या की रिकामी असेल तर मी बसते. त्या बसल्या. शाल घेतली. मग काठी माझ्याकडे रोखून म्हणाल्या, “ढकलायला हा. ह्यानेच मागवली ना?”

मी ढकलू लागलो. बायको दहा पावलं पुढे, मागे न बघता. गॉलवेचे दोघे माझ्या दोन बाजूंना, देखरेखीला.

“गाडी चालवतोस तसंच ढकलतोस का?” आजीबाई म्हणाल्या.

“मी गाडी कशी चालवतो ते तुम्हाला काय माहीत?”

“तुझी बायको गाडीतून उतरली तेव्हा तिचा चेहरा बघितला मी.”

बदकं दोन दिसली. आम्हाला बघून लांब गेली.

फेरी दोन तासांची होती. अडीच झाले. पाऊस आला, गेला, परत आला. आजीबाई आपल्या मुलीबरोबर घरी गेल्या, जाताना गॉलवेच्या दोघांचे आभार मानून. आम्ही दोघं वाटेच्या टोकाला कठड्याशी उभे होतो, मध्ये चार माणसं मावतील एवढं अंतर ठेवून. लांब गवतात डोकी एका जागी थांबलेली दिसत होती. बायको मोजत होती. परत मोजली.

“अकरा आहेत,” ती म्हणाली. माझ्याशी बोलायचं नाही हे ती विसरली होती. “बाबा दिसत नाहीत.”

मीही मोजली. अकराच. खाली काळं पाणी होतं, आणि त्यांच्या पायांत होते दोन नंबर मोठे बूट. माझे. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, “एक शब्द बोलू नकोस.” त्या दिवसात पहिल्यांदाच मला स्वतःशिवाय दुसऱ्या कुणाची काळजी वाटली.

बऱ्याच वेळाने बारावं डोकं वर आलं.

ते पार्किंगमध्ये पोचले तेव्हा साडेतीन तास झाले होते. सासऱ्यांच्या छातीपासून गुडघ्यांपर्यंत काळा चिखल होता, कोपरांना, हनुवटीलाही. गाईड त्यांच्या मागून येत होती आणि यादीने वारा घेत होती.

“बाबा, दिसलं का?” बायकोने विचारलं.

त्यांनी आधी बूट काढले, त्यांतलं पाणी ओतलं. मग आमच्या गाडीपाशी गेले आणि पावसाने ओल्या झालेल्या दारावर चिखलाच्या बोटाने आकृती काढायला लागले. मध्ये ठिपका. ठिपक्यातून चारी बाजूंना देठ. देठांच्या टोकाला गोल पान. पानावर केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला नखाने एकेक थेंब. मग एक पाऊल मागे येऊन त्यांनी ती बघितली, आणि एक देठ पुसून पुन्हा काढला, लांब.

“देठ एवढा असतोय,” ते लेकीला म्हणाले. “तीस वर्षं मी आखूड काढला.”

ती त्यांच्या खांद्याला लागून उभी राहिली, चिखलासकट. मी जरा लांब होतो, टाचा दुमडलेल्या बुटांत. मला वाटलं, आता वातावरण निवळलंय, आता बोलायला हरकत नाही.

“बाबा,” मी म्हणालो, “पुढच्या वर्षी मीही आत येतो. मलाही दाखवा.”

सासऱ्यांनी वळून मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“नको,” ते म्हणाले. “वाटेच्या मधोमध होतं ते. तुम्ही पाय दिला असतासा.”